ब्लूग्रास घरातच जगतं असं म्हणणाऱ्यांसाठी

मेबेन नावाचं छोटं गाव आहे नॉर्थ कॅरोलायनात, डरहम आणि ग्रीन्सबरोच्या मधे. मी नोकरीसाठी आठवड्यातून ३ दिवस त्याच्यावरून जाते. हायवेवरून पेट्रोलपंप दिसतात, आउटलेट मॉल दिसतो, कॉफीला थांबता येतं. ह्या गावात जो थॉमसन नावाचा फिडलवादक राहायचा हे मला इथे येऊन ६ वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. जन्म १९१८ चा, काळा माणूस, फर्निचरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलं आणि फिडल वाजवली. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त धरायची-वाजवायची तऱ्हा वेगळी. ती त्याला वडिलांकडून आली, भाऊ बँजो (कातडं ताणलेलं, गिटारसारखं तारवाद्य) वाजवायचा, पुढे चुलत भाऊ ओडेल बँजोवर असायचा. दोघं १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलपर्यंत जाऊन आले. १९९४ मध्ये ओडेल अपघातात गेला. २००१ मध्ये जोला स्ट्रोक आला, त्यातून उठून तो परत फिडल वाजवायला लागला.

आणि मग २००५ मध्ये ३ तरुण पोरं त्याच्या घरी यायला लागली. रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स, जस्टिन रॉबिन्सन. दर गुरुवारी संध्याकाळी यायचं आणि जोसमोर बसून वाजवायचं. नोटेशन नाही काही नाही, तो वाजवेल ते बघायचं, ऐकायचं, मागून धरायचं, चुकलं की परत. ह्या गुरुवारांतून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला, त्यांना ग्रॅमी मिळालं, आणि दक्षिणेतल्या काळ्या लोकांची स्ट्रिंग बँडची, म्हणजे फिडल-बँजोसारख्या तारवाद्यांच्या बँडची जी परंपरा संपली असं लोक धरून चालले होते ती लोकांच्या कानावर परत आली. ती ३ पोरं जोच्या घरातली नव्हती. एक ग्रीन्सबरोची, एक ॲरिझोनाहून आलेला, एक गॅस्टोनियाचा. रक्ताचं नातं शून्य, पण जोच्या हातातलं त्यांच्या हातात गेलं.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आमच्या इथल्या एका सार्वजनिक मीटिंगमध्ये ऐकलेलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. शाळा सुटल्यावर मुलांना फिडल-बँजो शिकवायचा जो वर्ग आहे त्याचे पैसे कापायचे का, असा विषय होता. एक गृहस्थ उठले, स्वतः वाजवणारे, त्यांच्या घरात ४ पिढ्यांचं संगीत, बोलायला अगदी सज्जन, आणि म्हणाले की हे संगीत घरात जगलंय, घरातच जगेल, आमच्या आजोबांना कुणी ग्रँट दिली नव्हती. टाळ्या पडल्या. मला त्या गृहस्थांबद्दल आदर आहे, त्यांचा हात ऐकलाय मी. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे आणि ते चुकीचं आहे हे ब्लूग्रासच्या स्वतःच्या इतिहासावरूनच दाखवता येतं, म्हणून हे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभा मोठा बेस, एकालाही वीज लागत नाही, जुन्या पद्धतीत तर सगळे मिळून एका माइकभोवती उभे राहतात आणि ज्याची पाळी तो पुढे सरकतो, बाकीचे मागे होतात. केंटकीला ब्लूग्रास स्टेट म्हणतात आणि बिल मनरो तिथला, म्हणून त्याच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज, आणि त्यावरून ह्या संगीताचं नाव. १९३९ मध्ये तो नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री ह्या रेडिओ कार्यक्रमात आला, १९४५ च्या शेवटी अर्ल स्क्रग्ज ३ बोटांनी वाजणारा बँजो घेऊन त्याच्या बँडमध्ये आला, आणि आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो आवाज तिथे पक्का झाला.

आता ह्या बिल मनरोचं घर बघा. रोझीन, केंटकी, ८ भावंडांत सगळ्यात धाकटा, जन्म १९११. आई फिडल वाजवायची. मोठ्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतलेली म्हणून ह्याच्या वाट्याला मँडोलिन आलं, तेसुद्धा ८ पैकी ४ तारा काढून, म्हणजे आवाज फार व्हायला नको. आई तो १० वर्षांचा असताना गेली, १६ व्या वर्षी वडीलही गेले. मग तो आईच्या भावाकडे राहिला, पेन व्हँडिव्हर, इंग्रजीत अंकल पेन म्हणतात पण आपल्या भाषेत सरळ मामा. मामा फिडल वाजवायचा, आसपासच्या नाचांना हा त्याला साथ करायचा. इथपर्यंत सगळं घरातलंच आहे आणि पोस्टरवर छापण्यासारखं आहे. पण मनरो स्वतः आयुष्यभर आणखी एक नाव घ्यायचा, आर्नल्ड शुल्ट्झ. कोळशाच्या खाणीत काम करणारा काळा गिटारवादक, फिडलही वाजवायचा, आणि कोवळ्या वयाच्या बिलला नाचाच्या कार्यक्रमांना साथीला घेऊन जायचा. शुल्ट्झ १९३१ मध्ये गेला, त्याचं एकही रेकॉर्डिंग नाही. एकही नाही. मनरोच्या संगीतात जो ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांच्या गाण्याची ढब, आहे त्याचा मोठा भाग ह्या माणसाकडून आला आणि ह्या माणसाचा आवाज जगाकडे नाही. घर म्हणून जे काय आपण सांगतो त्यात शुल्ट्झ बसत नाही आणि त्याला वगळलं तर ब्लूग्रासचा अर्धा जीवच जातो.

कार्टर फॅमिलीचं तर नावातच फॅमिली आहे. ते ब्लूग्रासच्या आधीचे, पण आजचा कुठलाही ब्लूग्रास बँड घ्या, त्यांच्या गाण्यांशिवाय चालत नाही. १९२७ चा उन्हाळा, व्हर्जिनियात क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी राहणारे हे लोक गाडीत बसून ब्रिस्टलला निघाले. ब्रिस्टलचा मुख्य रस्ता असा आहे की एका बाजूला टेनेसी आणि दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. तिथे व्हिक्टर ह्या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर रेकॉर्डिंगला आलेला. गाडीत ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा, आणि मेबेल, जी साराची नात्यातली बहीण आणि जाऊपण. मेबेल १८ वर्षांची, दिवस भरत आलेले. साराच्या कडेवर तिचा तान्हा मुलगा, त्याचंही नाव जो. १ आणि २ ऑगस्टला त्यांनी गाणी रेकॉर्ड केली, रेकॉर्डच्या एका बाजूचे, म्हणजे एका गाण्याचे, ५० डॉलर. मला हे चित्र फार आवडतं, एक गरोदर बाई आणि एक तान्हं बाळ घेऊन कच्च्या रस्त्यानं निघालेलं कुटुंब, आणि हा तान्हा जोच पुढे १९७६ मध्ये आपल्या बहिणीसाठी, जॅनेटसाठी, त्याच दरीत कार्टर फोल्ड बांधणार आहे. अजून दर शनिवारी तिथे कार्यक्रम होतो, विजेची वाद्यं चालत नाहीत, दारू नाही, सगळ्या वयाची माणसं स्टेजपुढे नाचतात. जॅनेटनं मरणाच्या दारात असलेल्या वडिलांना शब्द दिला होता की हे संगीत चालू ठेवीन, आणि ठेवलं. घराची ताकद काय असते हे बघायचं तर तिथे जावं, ह्यात मला काही शंका नाही.

पण परत, गाणी कुठून आली? ए. पी. गावोगाव फिरून गाणी गोळा करायचा आणि बऱ्याच फेऱ्यांना त्याच्याबरोबर लेस्ली रिडल असायचा. काळा माणूस, सिमेंट कारखान्यातल्या अपघातात पाय गेलेला, गिटारवर विलक्षण हात. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा आणि चाल रिडलच्या डोक्यात राहायची, घरी आले की तो कार्टर बायकांना वाजवून दाखवायचा. मेबेलनंही त्याच्याकडून गिटारच्या काही गोष्टी उचलल्या. कॉपीराइट मात्र ए. पी. कार्टरच्या नावावर, प्रकाशक पीअर. रिडलच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, १९६५ मध्ये माइक सीगर ह्या लोकसंगीत जमवणाऱ्या वादकानं त्याला रॉचेस्टरमध्ये शोधून काढलं तोपर्यंत तो वाजवणं जवळजवळ सोडून बसला होता. मी ए. पी. ला खलनायक करत नाहीये, त्या वेळच्या व्हर्जिनियात एका काळ्या माणसाबरोबर महिनोन्महिने फिरणारा, त्याला घरात ठेवून घेणारा तो माणूस होता. माझं म्हणणं एवढंच की आपण जेव्हा फॅमिली हा शब्द छापतो तेव्हा सन्मान, रॉयल्टी, म्युझियम, पाटी, सगळं आडनावाच्या मागे जातं, आणि त्या घरात येऊन बसलेला, शिकवून गेलेला माणूस बाहेर पडतो. ही चूक आपण पुन्हा पुन्हा करतो आणि म्हणूनच परंपरा घरातच जगते असं आपल्याला वाटायला लागतं.

ह्या रक्ताच्या कल्पनेचं टोक कुठे जातं तेही बघायला पाहिजे. व्हर्जिनियातला दुसऱ्या नंबरचा उंच डोंगर म्हणजे व्हाइटटॉप. तिथे १९३१ ते १९३९ लोकसंगीताचा मोठा उत्सव व्हायचा, १९३३ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांची बायको एलेनॉर रूझवेल्ट येऊन गेली. त्याच्या चालकांत जॉन पॉवेल नावाचा संगीतकार होता. हा माणूस गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी काढलेल्या अँग्लो-सॅक्सन क्लब्जच्या स्थापनेत होता, आणि १९२४ चा व्हर्जिनियाचा वंशशुद्धीचा कायदा, ज्यानं गोऱ्यांना इतरांशी लग्न करायला बंदी घातली, तो आणण्यात त्याचा हात होता. त्याच्या मते डोंगरातलं संगीत हे शुद्ध इंग्रजी रक्ताचं संगीत. त्यामुळे उत्सवात काळ्या लोकांना जागाच नव्हती. आणि स्टेजवर काय वाजत होतं, तर बँजो, जे वाद्य गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांनी भोपळ्याला कातडं ताणून ह्या खंडात आणलं. वारसा रक्तानं मोजायला लागलं की समोर वाजत असलेल्या वाद्याचा इतिहाससुद्धा ऐकू येईनासा होतो.

आता गंमत अशी, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, की त्याच डोंगरावर अल्बर्ट हॅश नावाचा माणूस होता. १९१७ चा जन्म, लहानपणापासून स्वतः फिडल बनवायचा, एकेक फिडल कोरीव काम केलेली. व्हाइटटॉप माउंटन बँड हा त्याचा, आणि खरंच घरगुती बँड, त्याचा मेहुणा थॉर्नटन स्पेन्सर फिडलवर, थॉर्नटनची बायको एमिली बँजोवर आणि गायला, पुढे त्यांची मुलगी मार्था. काटेकोर बोलायचं तर ह्यांचं संगीत ब्लूग्रासच्या आधीचं, ज्याला इकडे ओल्ड-टाइम म्हणतात, पण दोन्हीचे वाजवणारे आणि ऐकणारे त्या भागात एकमेकांत मिसळलेलेच असतात. तर ह्या हॅशनं काय केलं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गावच्या छोट्या शाळेत मुलांना हे शिकवायला सुरुवात केली. स्वतःच्या घरात बँड असताना, नात्यात वाजवणारे असताना, त्याला शाळेत जावंसं वाटलं. १९८३ मध्ये तो गेला आणि एमिली स्पेन्सरनं तो वर्ग पुढे अनेक वर्षं चालवला. शेजारपाजारच्या, ज्यांच्या घरात कुणीच वाजवत नाही अशा मुलांच्या हातात तिनं बँजो दिला. ज्या माणसांकडे खरी घरातली परंपरा होती त्यांना तिच्यावर एवढा भरवसा नव्हता की घर पुरेल. मीटिंगमधल्या त्या गृहस्थांना मला हॅशबद्दल सांगायचं होतं आणि तेव्हा सुचलं नाही.

घरात जे मिळतं ते शाळेत मिळत नाही हे मला मान्य आहे, अगदी मनापासून. सख्ख्या भावांचे आवाज एकमेकांत जसे विरघळतात तसे परक्यांचे सहसा नाही विरघळत, कारण स्वर उच्चारायची पद्धत एक, श्वास एक, घरातल्या आईचं बोलणं एक. कार्टर स्टॅनली आणि राल्फ स्टॅनली ऐका. व्हर्जिनियाच्या डिकन्सन काउंटीतले, कोळशाचा मुलूख, घरचं चर्च प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट, जिथे वाद्यं चालत नाहीत, नुसत्या गळ्यानं गायचं. आई लुसी बँजो वाजवायची. राल्फ सांगायचा की आईकडे पैसे मोजके, तिनं विचारलं डुकराचं पिल्लू पाहिजे का मावशीकडचा बँजो, दोन्ही ५ डॉलरचे, आणि त्यानं बँजो घेतला. पहिलं गाणं आईनं शिकवलं. असं शिक्षण कुठल्याही सरकारी योजनेत बसणार नाही.

पण १ डिसेंबर १९६६ ला कार्टर स्टॅनली गेला, अवघा ४१ वर्षांचा, आणि राल्फला प्रश्न पडला की थांबायचं का. तो थांबला नाही, ५० वर्षं गायला, २०१६ मध्ये गेला. ह्या ५० वर्षांत भावाच्या जागी कोण उभं राहिलं? लॅरी स्पार्क्स, रॉय ली सेंटर्स, कुणी नात्यातलं नाही. आणि १९७० च्या सुमारास एकदा राल्फ कार्यक्रमाला उशिरा पोचला, आत आला तर स्टेजवर केंटकीची २ पोरं वेळ मारून न्यायला गात होती आणि ती हुबेहूब स्टॅनली ब्रदर्ससारखी ऐकू येत होती. रिकी स्कॅग्ज आणि कीथ व्हिटली, दोघंही शाळकरी वयाचे. ती रेकॉर्ड ऐकून ऐकून तयार झाली होती, राल्फनं त्यांना बँडमध्ये घेतलं. म्हणजे जे घर सगळ्यात घट्ट तेसुद्धा एका मृत्यूनंतर बाहेरच्यांनी सावरलं. (राल्फचा मुलगाही नंतर बँडमध्ये आला आणि पुढे त्यानं तो चालवला, तेही छानच.) तसंच नॉर्थ कॅरोलायनातल्या टोस्ट गावच्या टॉमी जॅरेलचं. म्हातारपणी त्याच्या घराचं दार कुणालाही उघडं, लांबलांबून पोरंपोरी यायची, राहायची, त्याच्या स्वयंपाकघरात बसून शिकायची, आणि त्याची फिडल आज जगभर ज्यांच्या हातात आहे त्यातले बहुतेक त्याचे कुणीच लागत नाहीत.

दुसरा मुद्दा जो नेहमी येतो तो बाजाराचा. चांगलं असेल तर लोक पैसे देऊन ऐकतील, सरकार कशाला. ह्याला इतिहासातच उत्तर आहे. आजोबांना ग्रँट नव्हती हे खरं, पण आजोबांना रेडिओ होता. स्टॅनली बंधू ब्रिस्टलच्या डब्ल्यूसीवायबी स्टेशनवर दुपारच्या कार्यक्रमात रोज वाजवायचे आणि त्याच रेडिओवर संध्याकाळी कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे ते सांगायचे, तिकिटाचे पैसे तिथून. लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज ह्या जोडीला मार्था व्हाइट पिठाच्या कंपनीनं वर्षानुवर्षं पोसलं. स्टेशनांना जिवंत बँड लागायचे तोपर्यंत हे चाललं, मग रेकॉर्ड वाजवणं स्वस्त पडायला लागलं, टीव्ही आला, रॉक अँड रोल आलं, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटी भलेभले बँड पोटापाण्याला मोताद झाले. १९६५ मध्ये व्हर्जिनियातल्या फिनकॅसलला एकाहून जास्त दिवस चालणारा पहिला ब्लूग्रास फेस्टिव्हल झाला आणि तिथून परत जरा बरे दिवस आले. म्हणजे ह्या संगीताला उभं राहायला कायम कुणाचा तरी बाहेरचा पैसा लागला, आधी पिठाचा, मग तिकिटाचा. आणि हा सगळा पैसा तयार कलाकाराला मिळतो. ९ वर्षांच्या मुलीला जी ३ वर्षं नुसतं कर्कश वाजवावं लागतं त्या ३ वर्षांचं तिकीट कुणी काढत नाही, कुठल्याच बाजारात. पूर्वी ती ३ वर्षं घर सोसायचं. आता आईबाप दोन-दोन शिफ्ट करतात, खाणी बंद पडल्यावर निम्मा गाव दुसरीकडे गेलाय, मामा तिसऱ्या राज्यात. ते कर्कश वाजवणं ऐकत कोण बसणार आहे?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की सार्वजनिक पैसा तिथेच घाला. फेस्टिव्हलला नको असं नाही, पण आधी शिकवणाऱ्याच्या तासाला. २००० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या ॲलेगनी काउंटीतल्या स्पार्टा गावात हेलन व्हाइट नावाच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी ज्युनियर ॲपलाशियन म्युझिशियन्स सुरू केलं, ते बघा. शाळा सुटल्यावर, गटात, वाद्य घरी न्यायला मिळतं, आणि शिकवणारे त्याच भागातले वाजवणारे. तेच आता ॲपलाशियातल्या कितीतरी काउंट्यांत चालतं. व्हर्जिनियात २००२ पासून एक उस्ताद आणि एक शिकाऊ अशी जोडी लावून त्यांना मानधन द्यायची योजना आहे. ह्याला लागणारा पैसा फार नाही, एका मोठ्या स्टेजच्या लाइट-साउंडच्या खर्चात कितीतरी महिने शिकवणी होईल. व्हर्जिनियानं क्रुकेड रोड म्हणून जो संगीताचा मार्ग आखलाय, ३०० हून जास्त मैलांचा, ब्रिस्टल, गेलॅक्स, फ्लॉइड सगळं जोडणारा, त्यानं त्या भागात पर्यटक आले, हॉटेलं चालली, ते चांगलंच झालं, मी स्वतः त्याच्या पाट्या बघत बघतच तिकडे गेले. पण पाटी लावून पुढचा वाजवणारा तयार होत नाही, आणि जेव्हा पैसे कापायची वेळ येते तेव्हा पाटी राहते आणि वर्ग जातो.

आणि पैसे कापायची वेळ आलेली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं राज्यांच्या ह्युमॅनिटीज कौन्सिलांचं, म्हणजे इतिहास-संस्कृतीच्या कामाला मदत करणाऱ्या संस्थांचं, अनुदान अचानक तोडलं, मे महिन्यात नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स ह्या कलांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं मंजूर केलेल्या ग्रँट्स रद्द केल्याच्या ईमेल देशभर गेल्या. कोर्टकचेऱ्या झाल्या, काही ठिकाणी दिलासाही मिळाला, पण ज्या छोट्या संस्थेत दीड माणूस काम करतो तिथे एका ईमेलनं पुढचं वर्ष जातं. ह्याच एंडाउमेंटनं १९८२ मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिप सुरू केली तेव्हा पहिल्याच यादीत बिल मनरो आणि टॉमी जॅरेल दोघंही होते, आणि २००७ मध्ये जो थॉमसन. म्हणजे ज्यांच्या नावानं आपण घरातली परंपरा म्हणून छाती फुगवतो त्यांना देशानं सार्वजनिक पैशातून मान दिला होता, आणि कुणाचं संगीत त्यामुळे बिघडलं नाही.

मी मिरजेची. शाळेत जाताना सतारमेकरांच्या दुकानांवरून जायचे, छताला भोपळे टांगलेले, आत एक आजोबा तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले, घोडीवर दोरा सरकवून परत परत तार छेडून बघायचे. त्यामुळे घराणं हा शब्द मला परका नाही, आणि म्हणूनच इथे तो चुकीच्या अर्थानं वापरलेला लगेच खटकतो. आपल्याकडे घराणं कधीच नुसतं रक्ताचं नव्हतं. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं मुलांकडे गेलं तसंच केसरबाई केरकरांकडे आणि मोगूबाई कुर्डीकरांकडे गेलं, दोघी गोव्याच्या. मिरजेतच राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं सवाई गंधर्वांकडून भीमसेनजींपर्यंत आलं. शिष्य बसला, वर्षानुवर्षं बसला, म्हणून आलं. आणि त्या बसण्याला कोल्हापूर-मिरजेसारख्या संस्थानांचा आधार होता, म्हणजे त्या काळातला सार्वजनिक पैसाच म्हणा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्याला जीआय टॅग मिळाला तेव्हा मला खूप आनंद झाला. पण गावी फोन केला की मी एकच विचारते, हाताखाली नवीन पोरगा बसतोय का? टॅगनं मालाचं नाव राखलं जातं, पोरगा बसवायला त्याला पहिली ४ वर्षं पोटाला काहीतरी द्यावं लागतं.

शाळेत शिकवलं की सगळे एकसारखं वाजवायला लागतील, प्रत्येक दरीची वेगळी ढब जाईल, ही भीती मी बऱ्याच जाणत्यांकडून ऐकलीय आणि ती खोटी नाहीये. गेलॅक्सचा बँजो वेगळा, राउंड पीकचा वेगळा, हे कानाला कळतं, आणि इंटरनेटवरून छापील टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं त्याचे आकडे) उतरवून शिकलेली मुलं खरंच एका साच्यातली वाजतात. पण ह्याचा इलाज वर्ग बंद करणं नाही, वर्गात त्या दरीतलाच माणूस बसवणं हा आहे, आणि त्याच्याकडे बीएड आहे का विचारत न बसता त्याला तासाचे नीट पैसे देणं. ७० वर्षांचा रिटायर्ड सुतार ज्याला स्टाफ नोटेशन वाचता येत नाही तोच इथे खरा शिक्षक आहे. वर्ग नसेल तर मुलं टॅबवरूनच शिकतील, ती तर आत्ताच शिकतायत.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. घरात फिडल कुणी वाजवत नाही, मी लहानपणी २ वर्षं पेटी शिकले, तिचे बाबा काहीच नाही. मागच्या जूनमध्ये आम्ही फ्लॉइडला गेलो, घरापासून जवळजवळ ३ तास, तिथल्या कंट्री स्टोअरमध्ये दर शुक्रवारी रात्री कार्यक्रम असतो आणि उन्हाळ्यात बाहेर फुटपाथवरही लोक गोल करून वाजवत बसतात. ती फिडलची पेटी छातीशी धरून एका गोलाच्या मागे उभी राहिली, २० मिनिटं तरी. मग बँजोवाले एक आजोबा काही न बोलता खुर्ची जरा बाजूला सरकवून बसले. जागा झाली. ती बसली. आधी नुसती हळू आवाजात मागून धरत होती, २ गाणी गेली, तिसऱ्या गाण्यात ते तिच्याकडे बघून हनुवटी वर करून खुणावले, म्हणजे आता तुझी पाळी, आणि बाकीच्या सगळ्यांनी आपापला आवाज खाली घेतला, एवढा खाली की माझ्या पोरीची कच्ची फिडल रस्त्यापलीकडे ऐकू गेली असती. ती मधे चुकली. गोल थांबला नाही, तिला घेऊनच पुढे गेला. तिचं जे शिक्षण शाळेतल्या त्या वर्गात झालंय त्यामुळे ती त्या गोलात बसू शकली, आणि गोलात बसल्यावर जे मिळालं ते वर्गात मिळालं नसतं. मला दोन्ही पाहिजे, आणि फक्त तिच्यासाठी नाही, तिच्या वर्गात एक ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहणारी मुलगी आहे जिचा बँजो शाळेचा आहे, वर्ग बंद झाला की तो परत द्यावा लागेल.

पुढच्या मंगळवारी परत मीटिंग आहे, नागरिकांना प्रत्येकी ३ मिनिटं बोलायला मिळतं. मी अल्बर्ट हॅशबद्दल बोलणार आहे. त्या ४ पिढ्यांच्या घरातल्या गृहस्थांना मी फोन केला होता, पाऊण तास बोललो, त्यांना हॅश माहीत होता, माझ्यापेक्षा जास्त माहीत होता, त्यांच्या वडिलांकडे हॅशनं बनवलेली एक फिडल होती म्हणाले. त्यांचं मत बदललं असं नाही. पण त्यांनी विचारलं की वर्ग कुठल्या वारी असतो, आणि गुरुवारी ४ वाजता म्हटल्यावर म्हणाले, गुरुवारी मला वेळ असतो.